जुना चेनसॉ घेताना

होळी झाली की कोकणातल्या घरांना आगोटीचे वेध लागतात. मीठ-मिरची, डाळी-कडधान्ये यांच्याबरोबर चार महिन्यांचे सरपण कोरडे होऊन पडवीत लागले पाहिजे, ही त्यातली सर्वांत दमवणारी बाब. स्वयंपाकाचा गॅस खेडोपाडी पोचला हे खरे; पण न्हाणीतला पाण्याचा हंडा, भात उकडण्याची चूल, गणपतीत किंवा लग्नकार्यात पन्नास माणसांचे जेवण, ही कामे आजही लाकडावरच होतात. कोकणच कशाला, हिमाचल-उत्तराखंडच्या थंडीत आणि कोडगूच्या पावसातही लाकडाशिवाय घर ऊबदार राहत नाही. गरज पूर्वीचीच आहे. कमी झाली आहेत ती कुऱ्हाड चालवणारी माणसे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत चेनसॉ हे यंत्र घरगुती वस्तूंच्या यादीत येऊन बसले. गावात त्याला कुणी ‘कटर’ म्हणते, कुणी नुसतेच ‘मशीन’. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, पाठोपाठ मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. तेव्हा वाटा मोकळ्या करायला, घरावर पडलेले आंबे-फणस कापायला मशीन मिळेल त्या भावाने माणसांनी घेतले. घाईत घेतलेल्या त्या यंत्रांपैकी कितीतरी आता माळ्यावर धूळ खात आहेत आणि ‘एकदम कंडिशनमध्ये आहे’ या तीन शब्दांच्या जोरावर विकली जात आहेत. लाकूडठेकेदार नवे मशीन घेतात तेव्हा जुने काढतात, बागायतदाराची मुले शहरात गेली की त्यांचेही निघते. अशा मशीनचा सौदा करताना काय पाहावे, हा आजचा विषय.

पण आधी एक आडवा प्रश्न. आपल्याला ते हवे आहे का? एका चुलीचे वर्षाचे सरपण म्हणजे मशीनवाल्याचे एक-दोन दिवसांचे काम. तो आपले मशीन, आपले पेट्रोल आणि मुख्य म्हणजे आपला सराव घेऊन येतो. वर्षातून दोन दिवस लागणाऱ्या यंत्रासाठी हजारो रुपये गुंतवून वर त्याची देखभाल करण्यापेक्षा त्याला मजुरी देणे केव्हाही स्वस्त. मशीन परवडते ते बाग मोठी असेल, दरवर्षी छाटणी निघत असेल, घरगुती खानावळ किंवा पाहुण्यांच्या खोल्या असतील, किंवा वाडीतली तीन-चार घरे मिळून घेणार असतील तर. मात्र भागीदारीत घ्यायचे तर चालवणारा एकच माणूस ठरवावा. चार हातांत फिरणारे मशीन आणि चार घरांत फिरणारे जाते, दोन्हींचे दात कुणी लावायचे यावरून वाद ठरलेला.

घराजवळच्या अंगणातच कापायचे असेल तर विजेवर चालणारा चेनसॉही मिळतो. पेट्रोल नाही, धूर नाही, दोरी ओढणे नाही. दोन हजार वॅटच्या आसपासचे मशीन असेल तर त्याला साधा पाच अँपियरचा प्लग चालत नाही, सोळा अँपियरचा आणि जाड वायरचा लागतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. बागेत मात्र वायर पोचत नाही.

पेट्रोलचे मशीन म्हणजे मूळ जुन्या बजाज स्कूटरसारखे टू-स्ट्रोक इंजिन. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल टाकून घेत असू, ते आठवत असेल. इथेही तेच, इंजिनाला वेगळे ऑइल नसते, पेट्रोलात मिसळलेल्या तेलावरच पिस्टनचा जीव असतो. नामांकित कंपन्यांची मशीन चांगल्या प्रतीच्या तेलासाठी एका लिटरला 20 मिलिलिटर प्रमाण सांगतात, स्वस्तातली बरीच मशीन 40 मिलिलिटर. पन्नासाला एक आणि पंचविसाला एक, असे मेकॅनिक म्हणतो ते हेच. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘दादा, तेल किती घालता?’ तो झटकन आकडा सांगतो की ‘घालतो अंदाजाने’ म्हणतो, यावरून मशीनचे अर्धे आयुष्य कळते.

इंजिनाच्या पुढे क्लच, क्लचवर दातेरी चक्र म्हणजे स्प्रॉकेट, आणि तिथून लोखंडी बारच्या कडेने फिरणारी चेन. या चेनचीही गंमत आहे. अमेरिकेत ओरेगनमधल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये ओंडका पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी पाहिली. ती उभ्याआडव्या तंतूंना न जुमानता, डावीकडून उजवीकडे जबडे हलवत लाकूड खात होती. त्या जबड्यांसारखे आलटून पालटून डावे-उजवे दात बसवलेली चेन त्याने बनवली, आणि आजची जवळजवळ प्रत्येक चेन त्याच घडणीची आहे. पूर्ण वेगात ती सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरने जाणारे दात. मशीन पाहायला जाताना हा आकडा डोक्यात असू द्यावा.

बारची लांबी किती, यावर बहुतेक गिऱ्हाईक भुलते. स्वस्तातल्या परदेशी बनावटीच्या मशीनला बावीस इंची बार लावून देतात, दिसायला तलवारीसारखा. सरपणाला चौदा ते सोळा इंच पुष्कळ झाले आणि इंजिन तीस ते चाळीस सीसीचे. बार जितका लांब तितके वजन पुढे जाते, कंबर लवकर दुखते, आणि टोक कुठे लागते आहे हे नजरेआड होते. पेट्रोल-तेल भरलेले मोठे मशीन सहा-सात किलोंच्या घरात जाते. सकाळी नऊला ते हलके वाटते, अकराला नाही.

आता प्रत्यक्ष पाहणी. निघण्यापूर्वी विक्रेत्याला फोनवर सांगावे की मशीन चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा हात सिलिंडरच्या झाकणाजवळ न्यावा. ऊब लागली तर समजावे की आपण येण्याआधी दोरी ओढून झालेली आहे.

‘काका, गरम आहे की हो मशीन.’

‘अहो, तुमच्यासाठीच जरा चालवून बघितलं.’

‘बरं झालं. मी बाजारात जाऊन येतो, तासाभरानं थंड झाल्यावर सुरू करू.’

यात उद्धटपणा काही नाही. चांगले मशीन चोक देऊन पाच-सात ओढीत थंड अवस्थेतही सुरू होते. तेवढ्या ओढींत ते खोकलेसुद्धा नाही, तर कार्बोरेटर किंवा प्लग, निदान पेट्रोल तरी जुने आहे.

सुरू करण्याआधी दाब पाहावा. बटण बंद करून दोरी सावकाश ओढली की दर फेऱ्याला हाताला स्पष्ट अडखळ जाणवली पाहिजे. मेकॅनिक लोकांची एक साधी युक्ती आहे: दोरीच्या मुठीला धरून मशीन जमिनीपासून थोडे उचलायचे. दाब चांगला असेल तर मशीन लोंबकळत राहते आणि झटक्या-झटक्याने हळू खाली येते. विहिरीतल्या बादलीसारखे सरसर खाली आले तर रिंगा आणि सिलिंडर संपले. काही मशीनना दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारे बटण किंवा स्प्रिंग असते, त्यांना ही परीक्षा लागू पडत नाही हे मात्र ध्यानात असावे.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा पाना आणि बॅटरी घेऊन करायची. सायलेन्सर बहुधा दोन-तीन बोल्टवर असतो. तो काढला की धूर बाहेर पडण्याच्या भोकातून पिस्टनची एक बाजू दिसते. दोरी हलकेच ओढत पिस्टन वरखाली करावा आणि बॅटरीचा झोत टाकावा. पृष्ठभाग करडा, सारखा, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा दिसणारा असेल तर उत्तम. उभे चरे पडलेले, अॅल्युमिनियम माखल्यासारखे दिसले, तर हे मशीन कधीतरी तेलाशिवाय किंवा फारच कमी तेलावर चालले आहे. ते आज चालेल, पुढच्या आठवड्यातही चालेल, आणि भर कामात एक दिवस जाम होईल. पिस्टन-सिलिंडर बदलण्याचा खर्च मजुरी धरून जुन्या मशीनच्या किमतीला भिडतो. विक्रेता सायलेन्सर उघडू देत नसेल तर मी त्या मशीनपाशी आणखी वेळ घालवणार नाही. गाडीचे बॉनेट न उघडता गाडी कोण घेते?

मशीन सुरू झाले की आधी कान वापरावा. बोट न लावता ते मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर शांत चालत राहिले पाहिजे, आणि त्या वेळी चेन जागची हलता कामा नये. हलत असेल तर रिकामा वेग जास्त ठेवलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. पहिल्या दोषाला स्क्रू फिरवायचा, दुसऱ्याला पैसे लागतात. दोन्ही दुरुस्त होईपर्यंत ते मशीन हातात धरून दोन पावलेही चालू नये. मग ट्रिगर पूर्ण दाबून सोडावा. आवाज लगेच खाली उतरला पाहिजे. सोडल्यावरही इंजिन काही क्षण उंच सुरात किंचाळत राहिले, तर कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे. सील सुकले आहे किंवा रबरी नळी चिरली आहे. जास्त हवा म्हणजे कमी पेट्रोल, कमी पेट्रोल म्हणजे कमी तेल, आणि कमी तेलाचा शेवट पिस्टनवरच्या त्याच उभ्या चऱ्यांत होतो. मशीन चारी बाजूंनी कलते करूनही पाहावे. कलल्यावर वेग बदलत असेल तर हेच दुखणे.

यानंतर ब्रेक. पुढच्या मुठीसमोर जी प्लास्टिकची उभी ढाल असते ती केवळ हाताच्या रक्षणासाठी नाही, तो ब्रेकचा दांडा आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून सरळ चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. या उसळीचा वेग माणसाच्या सावध होण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. तेव्हा मनगट ढालीवर आपटून, किंवा झटक्यानेच, ब्रेक लागतो आणि चेन थांबते. इंजिन बंद असताना ढाल पुढे ढकलून हातमोजा घालून चेन ओढून पाहावी, हलता कामा नये. मग मशीन जमिनीवर घट्ट टेकवून, दोन्ही हातांनी धरून, पूर्ण वेग देऊन डाव्या मनगटाने ढाल पुढे लोटावी. चेन तत्काळ थांबली तर ठीक. घसरत घसरत थांबली, तर ब्रेकचा पट्टा झिजला आहे. आणि ढालच नसेल? मोडली म्हणून काढून टाकलेली मशीन सर्रास दिसतात. ‘त्याची काही गरज पडत नाही’ असे सांगणारा विक्रेता खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच आजवर गरज पडलेली नसते. असे मशीन फुकट मिळाले तरी ढाल आणि ब्रेक बसवल्याशिवाय वापरू नये.

याच रांगेत आणखी तीन गोष्टी एका नजरेत होतात. मागच्या मुठीवरची खटकी दाबल्याशिवाय ट्रिगर दबता कामा नये. बंद करण्याचे बटण पहिल्या फटक्यात इंजिन बंद करणारे हवे, चोक ओढून बंद करावे लागणारे मशीन नको. आणि बारच्या बुडाशी, खालच्या बाजूला चेन तुटली तर अडवणारा छोटा आकडा असतो, तो जागेवर हवा.

चेन आणि बार या झिजणाऱ्याच वस्तू. त्या झिजल्या म्हणून मशीन नाकारू नये, किंमत पाडावी. दातांवर मागच्या बाजूला तिरकी रेघ असते, दात तिथपर्यंत घासून आले असतील तर चेन संपली. बारच्या कडेला फूटपट्टी अशी टेकवावी की तिची एक बाजू चेनच्या दाताला लागेल: बार आणि पट्टीत फट दिसली तर खाच अजून खोल आहे, पट्टी सपाट बसली आणि चेन कलंडू लागली तर बार गेला. कव्हर काढून स्प्रॉकेटही पाहावा; चेनने त्यात अर्धा मिलिमीटर खोल चर पाडले असतील तर तो बदलायचा. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही अकाली झिजते, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

तेलाचा पंप चालतो का, हे पाहायला एक कोरा कागद किंवा पुठ्ठा पुरतो. बारचे टोक त्यावर वीतभर अंतरावर धरून वेग दिला की कागदावर तेलाची बारीक रेघ उमटते. उमटली नाही तर चेन कोरडी फिरते आहे. आपल्याकडे या टाकीत गाडीचे जळके ऑइल ओतायची रीत आहे, कारण ते फुकट मिळते. त्यातला धातूचा कीस पंप आणि बार दोन्ही खातो, आणि ते काळे तेल चालवणाऱ्याच्या कपड्यांवर, कातडीवर, तिथून चुलीतल्या लाकडावर येते. तेलाच्या टाकीचे झाकण उघडून रंग पाहावा. काळेशार असेल तर मालकाच्या काटकसरीची कल्पना येते.

शेवटी लाकूड. आठ-दहा इंच जाडीचा सुका ओंडका मागावा आणि विक्रेत्यालाच कापायला सांगावे. आपण बाजूला, चार हात दूर उभे राहून पायाखाली काय पडते ते बघायचे. धारदार चेन ढलप्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. काप सरळ न जाता चंद्रकोरीसारखा वळत असेल तर एका बाजूचे दात जास्त घासले आहेत किंवा बारची एक कड झिजली आहे. दहा मिनिटे कापून झाली की मशीन बंद करावे, चहा मागवावा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा दोरी ओढावी. थंड असताना सुरू होणारे आणि गरम झाल्यावर रुसणारे मशीन बहुतेक वेळा दाब गेलेले असते. ही परीक्षा फार थोडे लोक करतात.

नावाबद्दल दोन शब्द. श्टील आणि हस्कवर्ना या दोन जुन्या कंपन्यांच्या मशीनना आपल्याकडे मान आहे, आणि म्हणूनच त्यांच्या रंगाची, त्यांचे स्टिकर लावलेली नकली मशीनही फिरतात. स्टिकर पाहू नये, इंजिनाच्या खोक्यावर ठोकलेला क्रमांक पाहावा आणि तो घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी. क्रमांक खरवडलेला असेल तर विषय तिथेच संपवावा. ते मशीन कुणाच्या तरी बागेतून उचललेले असू शकते. त्याआधी आणखी एक फेरी मारायला हवी, ती तालुक्याच्या पार्टच्या दुकानात. मॉडेलचे नाव सांगून चेन, एअर फिल्टर, दोरीची स्प्रिंग आणि तेलाचा पंप मिळतो का ते विचारावे. नुसती चेनच मिळत असेल आणि बाकीचे ‘मागवून देऊ’ असेल, तर ते मशीन पहिल्या बिघाडालाच भंगार होते.

किंमत कशी ठरवावी? समजा तेच मशीन नवे 18,000 रुपयांना येते. चालू, चांगल्या अवस्थेतल्या जुन्याला निम्म्याहून जास्त देऊ नये, म्हणजे 9,000. पार्टच्या दुकानदाराने चेन, बार आणि स्प्रॉकेट मिळून 2,500 सांगितले आणि तिन्ही झिजलेले आहेत, तर ते वजा करून 6,500 वर बोलणी करावीत. पिस्टनवर चरे असतील तर घासाघीस नकोच, नमस्कार करून निघावे. अगदी स्वस्त बनावटीची मशीन नवीच दहा हजारांच्या आत मिळतात. तसली जुनी घेण्यात मला तरी काही हशील दिसत नाही. त्यांचे पहिले आयुष्यच आखूड असते, दुसरे कुठून येणार? एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाखालच्या अवजारांत यांत्रिक करवतीचाही समावेश राहिलेला आहे. बाग असणाऱ्यांनी जुन्याचा सौदा पक्का करण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालू वर्षाच्या अनुदानाची विचारणा केली तर कदाचित नवेच परवडेल.

पावती साध्या कागदावर का होईना, घ्यावीच. तारीख, मॉडेल, इंजिन क्रमांक, रक्कम, दोघांच्या सह्या. हे केवळ चोरीच्या मालासाठी नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे जप्त करता येतात, आणि मशीन कालपर्यंत कुणाकडे होते हे सांगता येणे आपल्याच हिताचे. आपल्या जमिनीतले झाड म्हणजे आपलेच, हा समजही इथे महाग पडतो. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच आणि जांभूळही आहेत. ही झाडे खाजगी जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांत 1975 चा वेगळा कायदा आहे, इतर राज्यांत आणखी वेगळे. झाड उभे असो की पडलेले, करवत लावण्याआधी वनपालाला विचारलेले बरे. छाटणीच्या काजूच्या फांद्या आणि सुरूचे ओंडके यांनीच बहुतेक घरांचे सरपण भागते. नारळाचे खोड मात्र चेनची धार पाहता पाहता घालवते, आणि बांधावरच्या जुन्या झाडांच्या बुंध्यात कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असतो. ते लाकूड कुऱ्हाडीलाच ठेवावे.

एक गोष्ट घरात बसून ठरवायची असते, ती म्हणजे मशीन चालवणार कोण. बहुतेक घरांत वडील पुढे होतात. ‘जन्मभर कुऱ्हाड चालवली, मला शिकवू नका.’ त्यांचे खरे असते. पण कुऱ्हाडीचा सराव इथे उपयोगाचा नाही, कधीकधी घातकच ठरतो. कुऱ्हाड लाकडात रुतून थांबते. मशीन लाकूड संपले की तसेच खाली येते, आणि खाली चालवणाऱ्याचा पाय असतो. पंचा, लुंगी, मोकळा पायजमा, गळ्यातला टॉवेल, ओढणी, पदर यांपैकी काहीही अंगावर असताना मशीनला हात लावू नये. घट्ट पँट, बूट, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि कानांना जाड मफ हवेत. आवाज शंभर डेसिबलच्या बराच वर जातो आणि त्याने गेलेले ऐकू येणे परत येत नाही. ओंडका जमिनीवर न कापता लाकडाच्या घोडीवर ठेवून कापावा. खांद्याच्या वर मशीन उचलायचे नाही, शिडीवर चढून चालवायचे नाही, आणि आसपास हाक ऐकणारे माणूस नसेल तर सुरूच करायचे नाही. पहिले दोन दिवस वाडीतल्या सवयीच्या मशीनवाल्याला मजुरी देऊन बोलवावे आणि त्याच्या शेजारी उभे राहून शिकावे. तो सुरुवातीला हसेल, पण शिकवेल.

मशीन घरी आणले की नव्या प्लगबरोबर एक गोल कानसही घ्यावी. कानशीची जाडी चेनप्रमाणे बदलते: लहान मशीनच्या बारीक चेनला 4 मिलिमीटर, मधल्या मापाच्या चेनला 4.8. टाकी एकदा-दोनदा रिकामी झाली की दाताला दोन-तीन हात मारायचे, सर्व दातांना सारखेच. लाकूड शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत कापून, फोडून उन्हात रचावे. ताज्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते, आणि मेमध्ये कापलेले लाकूड जूनमध्ये फक्त धूर देते.

राहिला पावसाळा, ज्यात मशीन चार महिने पडून असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते आणि मशीनच्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचे पडदे कडक करते. म्हणून तेल मिसळलेले पेट्रोल महिन्याभरापेक्षा जास्त साठवू नये. मृगाच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्लग काढून आत चमचाभर टू-टी तेल सोडावे, दोरी दोनदा हलके ओढून प्लग परत लावावा. चेन काढून, घासून, जुन्या बिस्किटाच्या डब्यात तेलात बुडवून ठेवली की गणपतीपर्यंत तिला गंज धरत नाही.